प्रसादाची दोन केळी

देवी आपल्याच लेकराला एवढं छळेल का, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा आला तेव्हा मीच घाबरले होते. असं काही मनात आणणंसुद्धा तेव्हा पाप वाटायचं. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दारव्ह्याला आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागंच घर. माझा एकुलता एक मुलगा मनोहर शाळेत मास्तर होता. त्याची बायको वत्सला, तिला आम्ही सगळे वच्छी म्हणायचो. एकवीस-बावीस वर्षांची, बारीक चणीची, हसरी पोरगी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तोंडाची फटकळ आणि स्वभावानं हेकट, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. पण ही पोरगी घरात आल्यापासून माझा आवाज निम्म्यावर आला, असं आमचे मालक, म्हणजे मनोहरचे वडील, म्हणायचे. मी वरवर चिडायची, पण खोटं कशाला सांगू, ती माहेरी गेली की मला घर खायला उठायचं.

एका मंगळवारी आरती झाली आणि वच्छी देव्हाऱ्यापुढं वाकली. माथा टेकला, उठली, आणि तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब दिसेना. अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले, डोळे मोठे झाले, मान हलायला लागली. तिच्या छातीवरचा पदर वरखाली होताना दिसत होता. आरतीला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, ‘देवी आली वं पोरीच्या अंगात.’ आमचं कुलदैवत माहूरची देवी. मी ताबडतोब तिच्या पायांवर हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं. पंधरा-वीस मिनिटांत ती शांत झाली, भिंतीला टेकून बसली आणि पाणी मागितलं. मग डोकं दुखतं म्हणून संध्याकाळपर्यंत पडून राहिली. बायका म्हणाल्या, एवढी मोठी शक्ती अंगातून जाते, त्याचा शीण येणारच. मलाही ते पटलं.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी तसं व्हायला लागलं. कधी चूल फुंकायला वाकली की, कधी हंडा उचलला की, आणि देवापुढं वाकली तर बहुतेक वेळा. मंगळवारी घरात बायकांची गर्दी व्हायला लागली. त्या ओटी घेऊन यायच्या, नारळ ठेवायच्या, प्रश्न विचारायच्या. मुलगा होईल काय, जावई नांदवील काय. वच्छीला त्या वेळी बोलता यायचं नाही, पण थरथरीनं मान हलायची. ती खालीवर हलली तर होकार आणि बाजूला हलली तर नकार, हे मीच ठरवलं आणि मीच बायकांना सांगायची. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र मी तोऱ्यात होते. चार घरच्या मोठ्या बायका माझ्या ओसरीवर चपला काढून येत होत्या, मला ‘देवीची सासू’ म्हणत होत्या. या सगळ्यात वच्छीला मात्र कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

दीड वर्षात पोरगी वाळून गेली. गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मनोहर एकदा म्हणाला, ‘आई, हिले दवाखान्यात दाखवू काय?’ मी त्याला असं झापलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. पण मंगळवारी कुंकू वाहताना तिच्या पायाकडं माझं लक्ष जायचं. ते पाय थंडगार असायचे. तेव्हाच तो सुरुवातीला सांगितलेला प्रश्न मनात आला. देवीला विचारायची हिंमत होईना, म्हणून मी कळंबच्या चिंतामणीला साकडं घातलं. म्हटलं, तू दोघींमध्ये पड. देवीला म्हणावं, दर्शन दे पण पोरीला राख. आणि संकष्टीला मी वच्छीला घेऊन कळंबला गेले.

चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. वच्छी जपून उतरली, गणपतीपुढं वाकली, आणि तिथंच तिला झालं. लोक बाजूला सरले, कोणी हात जोडले, कोणी कापूर पेटवला. तेवढ्यात रांगेतून चाळिशीचा एक माणूस पुढं आला. चष्मा लावलेला, हातात दूर्वांची जुडी. तो सरळ तिच्याजवळ बसला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, ‘हात सोडा तिचा. देवी हाये ते.’ त्यानं हात सोडला नाही, पण माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘देवी असेल तर मी तिची क्षमा मागेन, बाई. पण हिची नाडी फार पळते आहे. मी डॉक्टर आहे.’ आणि पायऱ्या चढून धावत जीपमधून रक्ताचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र घेऊन आला. ते नागपूरच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर होते. यवतमाळहून परत जाताना रस्त्यात दर्शनाला थांबले होते.

त्यांनी वच्छीच्या दंडाला पट्टा बांधला. पारा इतका वर चढला की तेही क्षणभर यंत्राकडं बघत राहिले. अर्ध्या तासानं ती शांत झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, तर पारा खूप खाली आला होता. मग त्यांनी माझ्याकडं न बघता वच्छीला विचारलं, ‘बेटा, तुला काय होतं त्या वेळी?’ वच्छीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, ‘छाती लय धडधडते साहेब. डोकं फुटून राह्यलं असं वाटते. आन् दर वेळी वाटते, आता मी मरतो.’ दीड वर्ष मी त्या पोरीच्या पायाशी बसले होते आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. तिला दर मंगळवारी मरणाची भीती वाटत होती आणि मी बायकांना होकार-नकार सांगत होते. मी तिथंच पायरीवर बसले.

डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. माणसासमोर वाघ आला तर तिच्यातून रस सुटतो, त्यानं छाती धडधडते, रक्ताचा दाब चढतो, पळायचं बळ येतं. वाघ गेला की रस थांबतो. ‘हिच्या त्या ग्रंथीवर गाठ झाली असावी,’ ते म्हणाले. ‘वाघ नसतानाही ती रस सोडते. वाकली की गाठ दाबली जाते, म्हणून तेव्हा जास्त. मी याच आजाराचा अभ्यास करतो आहे. फार कमी लोकांना होतो. पण गाठ काढली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. नाही काढली तर एखाद्या झटक्यात जीव जाऊ शकतो.’ त्यांनी कागदावर वॉर्डाचा नंबर लिहून दिला. मी कागद घेतला, पण मनात म्हणाले, हे शिकलेले लोक देवाधर्माला काय जाणतात. तरी ‘आता मी मरतो’ हे तिचे शब्द काही कानांतून जाईनात. दारव्ह्याला पोचल्यावर कागद मी स्वतःच मनोहरच्या हातात ठेवला. आठ दिवसांत त्यानं रजा काढली.

नागपूरला बायकांच्या वॉर्डात वच्छीला खाट मिळाली आणि तिच्याजवळ मी राहिले. हे डॉक्टर परदेशात जाऊन ही तपासणी शिकून आले होते. ज्यांना लहान वयात रक्ताचा दाब आहे, अशा प्रत्येकाची लघवी दिवसभर बाटलीत गोळा करायची आणि तिच्यात तो रस किती उतरला ते औषधं घालून, रंग पाहून ओळखायचं. एका जाड रजिस्टरात सगळं लिहायचं. वॉर्डातली आया गिरजाबाई म्हणायची, ‘सारे हसतेत त्याईले. बाटलीवाला डॉक्टर म्हंतेत. पण माणूस सोनं हाये.’ गिरजाबाई आमच्याच जिल्ह्यातली, फुलसावंगीकडची. तिच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बोलायला मोकळी, कामाला चोख. डॉक्टरांच्या बाटल्यांवर नाव लिहिलेलं तिला वाचता येत होतं, म्हणून बाटल्या प्रयोगशाळेत न्यायचं काम तिच्याकडं होतं.

तपासणीआधी डॉक्टरांनी वच्छीला पथ्य सांगितलं. तीन दिवस चहा नाही, कॉफी नाही, केळं तर मुळीच नाही. चौथ्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत बाटली भरायची, तोपर्यंत हेच पथ्य. केळ्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला तर वाटलं, सर्दीबिर्दीसाठी असेल. बाटली भरायच्या दिवशी सकाळीच आमचे मालक दारव्ह्याहून आले. येताना मुद्दाम कळंबला उतरून चिंतामणीला अभिषेक करून आले होते. धोतराच्या सोग्यात प्रसाद होता, केळी आणि खडीसाखर. मी डोळ्यांना लावला आणि दोन केळी सोलून वच्छीपुढं धरली. ती म्हणाली, ‘आत्याबाई, डॉक्टरसाहेबांनी केळं नाई म्हंतलं ना.’ मी म्हणाले, ‘अवं, ते फळाले नाई म्हंतलं. हा प्रसाद हाये. प्रसादानं कुठं काई होते काय?’ तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं दोन्ही केळी खाल्ली. माझं मन मोडायचं नाही म्हणूनच खाल्ली, हे मला तेव्हाही कळत होतं.

एक केळं मी गिरजाबाईला द्यायला गेले. ती म्हणाली, ‘राग नोका मानू बाई. दीक्षा घेतली तवापासून आमी परसाद घेत नाई. नुसतं केळं म्हून द्यान तं खातो.’ मला ते झोंबलं. मी केळं परत पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. सालं मी खाटेखाली सरकवून ठेवली होती, मग टाकू म्हणून. दुपारी फरशी पुसताना ती गिरजाबाईच्या हाताला लागली. तिनं सालांकडं पाहिलं, वच्छीच्या बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सालं बादलीत टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, ‘पथ्य सांभाळलं ना?’ वच्छीनं माझ्याकडं बघून ‘हो’ म्हटलं.

तीन दिवसांनी डॉक्टर वॉर्डात आले ते जवळजवळ धावतच. त्यांच्या मागं शिकणारी पाच-सहा पोरं-पोरी. वच्छीच्या बाटलीत गडद रंग आला होता. मोठ्या सर्जनसाहेबांशी बोलणं झालं होतं, सोमवारी ऑपरेशन ठरलं. मनोहरचे डोळे भरून आले. डॉक्टर त्या पोरांना समजावून सांगायला लागले, आणि त्यात म्हणाले, ‘या तपासणीत एक फसवी जागा आहे. रोग्यानं नुसतं केळं खाल्लं असलं तरी असाच रंग येऊ शकतो. म्हणून पथ्याशिवाय या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. हिनं पथ्य पाळलं आहे, म्हणून आपण पोट उघडायला निघालो आहोत.’ माझ्या हातातला पाण्याचा गडवा सांडला. गिरजाबाई दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, ‘बाई, सांगून टाका. मी सांगतलं तं चुगली होईन. तुमी सांगतलं तं खरं होईन.’ मला तिचा राग आला. आता हिनं मला शिकवायचं का, असंही मनात आलं, तेही लिहून टाकते. मी फणकाऱ्यानं म्हणाले, ‘मले नोको सांगू.’ ती उठून कामाला लागली. पण तिचं वाक्य काही माझ्याजवळून उठलं नाही.

मग दोन दिवस मी काय भोगलं ते माझं मला माहीत. सांगितलं तर डॉक्टर चिडतील, नाव कापून घरी पाठवतील. मुलगा म्हणेल, आई, आधी तिला देवी केलीस आणि आता तपासणीही बुडवलीस. पोरगी खोटं बोलली असं सगळे म्हणतील, आणि ती तर माझ्यासाठी बोलली होती. नाही सांगितलं तर कदाचित केळ्याच्या रंगावर भरवसा ठेवून माझ्या वच्छीचं पोट फाडतील आणि आत काहीच सापडणार नाही. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर कोणाला बोलले नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटत होतं. रंग जर केळ्यांचा असेल तर गाठ नाहीच. म्हणजे देवी खरी, म्हणजे माझंच खरं. पोरगी मरणाच्या दारात आणि मी माझं खरं ठरतं का ते बघत होते. इस्पितळाच्या आवारात बाभळीखाली बसून मी चिंतामणीला म्हणाले, काहीतरी खूण दाखव. मी कितीतरी वेळ बसले. कावळेसुद्धा ओरडले नाहीत. काही खूण आली नाही.

रविवारी दुपारी मी वच्छीची वेणी घालत होते. केस पार विरळ झाले होते. ती अचानक म्हणाली, ‘आत्याबाई, तुमी त्या केळ्याचा इचार करून राह्यल्या ना? राहू द्या. आता काहून सांगता? तुमाले सारे बोल लावतीन. मले चालते. उद्या जे होईन ते होईन.’ आवाजात जराही रडं नव्हतं. मला बोल लागू नये म्हणून ही पोरगी सुरीखाली जायला तयार झाली होती. माझ्या हातातून वेणी सुटली. मी तिला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा तिच्यासमोर रडले. म्हणाले, ‘वच्छे, तू माह्यासाठी मरतं म्हंतं, आन् मी तुह्यासाठी चार शब्द बोलाले भेऊन राह्यली.’ वेणी अर्धीच टाकून मी उठले. पाय आपोआप चालत होते असं म्हणतात, तसं काही नव्हतं. पाय जड झाले होते, एकेक पाऊल मी ओढत नेलं. पण थांबले नाही.

डॉक्टर त्यांच्या लहानशा खोलीत बाटल्यांमध्ये बसले होते. मी दारातच उभी राहून एका दमात सांगितलं. प्रसाद होता, मी दिला, पोरगी नाही म्हणत होती, तिला काही बोलू नका, जे बोलायचं ते मला बोला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता हा माणूस कडाडणार. त्यांनी विचारलं, ‘किती केळी?’ मी म्हणाले, ‘दोन.’ त्यांनी रजिस्टर उघडलं आणि वच्छीच्या नावापुढं लिहिलं, दोन केळी. मग म्हणाले, ‘बसा, बाई. उद्याचं ऑपरेशन होणार नाही. आपण पुन्हा सगळं पहिल्यापासून करू.’ मी बसले नाही, तिथंच त्यांच्या पायांशी वाकायला लागले, तर त्यांनी खुर्ची मागं सारली. म्हणाले, ‘माझे रोगी रोज माझ्याशी थोडं थोडं खोटं बोलतात. खरं सांगायला आपणहून आलेल्या तुम्ही पहिल्याच.’ एवढंच. मी परत आले तेव्हा गिरजाबाई वच्छीची राहिलेली वेणी घालत होती.

त्या वेळच्या पथ्याची काय कथा सांगू. मी स्टूल घेऊन खाटेच्या उशाशी बसले. आमचे मालक लाडू घेऊन आले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं वच्छीला चहाचा घोट देऊ केला, तर मी तिच्याशी भांडले. गिरजाबाई हसून म्हणाली, ‘आता तुमी आमच्या खात्यात भरती झाल्या.’ तिनं केळं मागितलं असतं तर एरवी मी ते तिला मुकाट्यानं नुसतं केळं म्हणून दिलं असतं, पण त्या दिवसांत केळं हा शब्दही मी तोंडातून काढत नव्हते. बाटली भरली, गेली. तीन दिवसांनी निकाल आला. रंग पहिल्याइतकाच गडद होता. म्हणजे गाठ होती. ‘माझंच खरं’ आता उरलं नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. भीती मात्र खूप वाटली.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी झालं. सकाळी वच्छीला नेलं ते दुपार झाली तरी बाहेर आणेनात. मनोहर भिंतीला कपाळ लावून उभा होता. मी त्या दिवशी काही मागितलं नाही. एरवी देवापुढं बसले की माझी यादी सुरू व्हायची. त्या दिवशी नुसतं म्हणत राहिले, तू बघ, मला काही कळत नाही. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते, देवापुढंही आणि माणसांपुढंही. दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टर आले. कपडे घामानं भिजलेले. हातातल्या वाडग्यात चिकूएवढी गाठ होती. ‘पोरगी सुखरूप आहे,’ ते म्हणाले. ‘गाठ बघायची आहे?’ मी पाहिली. दीड वर्ष मी हिलाच हळदकुंकू वाहिलं होतं.

वच्छी वीस-बावीस दिवसांनी चालायला लागली. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ते म्हणाले, ‘तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. गाठीला सर्जनसाहेबांचा हात लागला की ती सगळा रस एकदम सोडते. रक्ताचा दाब इतका चढतो की मेंदूतली शीर फुटू शकते. तो उतरवायचं इंजेक्शन इथं मिळत नाही. आधी ऑपरेशन ठरलं होतं त्या सोमवारी माझ्याजवळ त्याच्या दोनच कुप्या होत्या. मी मुंबईच्या एका मित्राला लिहिलं होतं, पण वाट पाहायचा धीर मला राहिला नव्हता. मला वाटलं, दोनात भागेल. त्याचं पार्सल शनिवारी आलं, तुम्ही येऊन सांगितल्यानंतर सहा दिवसांनी. मंगळवारी आम्हाला सात कुप्या लागल्या.’ मग म्हणाले, ‘घाई माझी होती, बाई. केळी तुमची होती. मला याचा हिशेब लागत नाही.’ मलाही लागत नाही. केळी दिली ती माझी चूक, आणि चुकीला मी कृपा म्हणणार नाही. त्या दुपारी वेणी टाकून मी उठले, तेव्हा मला कोणी उठवलं, एवढंच मी स्वतःला विचारते. गिरजाबाईचं वाक्य, वच्छीची माया, की आणखी काही, ते मला वेगवेगळं करता येत नाही. निघताना मी गिरजाबाईला पोटाशी धरलं. तिला म्हणाले, ‘तू सांगतलं नसतं तं मी पोरगी गमावली असती.’ ती म्हणाली, ‘मी सांगतलं, पण आयकलं तुमी.’

दारव्ह्याला परतलो त्याच्या पहिल्याच मंगळवारी बायका ओट्या घेऊन आल्या. मनोहर म्हणाला, मी बाहेर जाऊन सांगतो. मी म्हणाले, नाही, ज्या तोंडानं मी होकार-नकार सांगितले त्याच तोंडानं सांगते. ओसरीवर उभी राहून मी सगळं सांगितलं. आजार होता, मी ओळखला नाही, चूक माझी. काही बायका खट्टू झाल्या. एकीनं विचारलं, ‘मंग मले लेक झाला तो कसा झाला?’ मी म्हणाले, ‘बाई, मले नाई माहीत. देवानं देल्ला असंन. पण माह्या सुनेच्या मानेनं नाई देल्ला.’ त्या निघून गेल्या. पुढं बरेच दिवस गल्लीत माझ्या नावानं हसणं चालू होतं, आणि ते मला चाललं.

डॉक्टरांनी वर्षातून एकदा तपासायला बोलावलं होतं. रोग परत येत नाही ना, ते त्यांना रजिस्टरात लिहायचं असायचं. कितीतरी वर्षं आम्ही दोघी जात राहिलो. दर वेळी जाताना कळंबला उतरायचं, दर्शन घ्यायचं, आणि पुढं नागपूरला बाटली भरायची. वच्छीला दोन लेकरं झाली, तिचं अंग भरलं, हसणंही पूर्वीसारखं झालं. देवावरची माझी श्रद्धा कमी झाली का, असं मला कोणी कोणी विचारलं. कमी नाही झाली. पूर्वी मी देवाला नारळ दिले, पातळं दिली, उपास दिले, पण माझा हेका तेवढा कधी दिला नव्हता. तो त्यानं त्या खाटेजवळ माझ्याकडून काढून घेतला.

आता सकाळी देवापुढं बसले की मी लांबलचक काही मागत नाही. परवा असंच हात जोडून जरा मोठ्यानं म्हणाले, ‘देवा, मी चुकत असंन तं सांगणारं माणूस जवळ ठेव, आन् त्याचं आयकाची बुद्धी दे.’ मागं वच्छी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘आत्याबाई, सांगणारी तं घरातच हाये. आयकाची बुद्धी तेवढी मागा.’